ताईची सही

मिरा रोडला हाटकेशमधल्या साटमांच्या घरात दोन फ्रीज होते, दोन गॅसच्या शेगड्या, दोन टीव्ही, दोन देव्हारे, पाण्याची चार पिंपं, दोन झाडू, एकाच बँकेची दोन कॅलेंडरं, कढीपत्त्याच्या दोन कुंड्या आणि दारावर बेलची दोन बटणं. माणसं सहा होती. संडास एक होता.

२००५ च्या भाऊबीजेला सकाळी सोफ्यावर बसल्या बसल्या सुचेताने हे सगळं मोजलं. मोजायची तिला सवयच होती. भाईंदरच्या एका विनाअनुदानित शाळेत ती विज्ञान शिकवायची, आणि वर्षातून दोनदा प्रयोगशाळेतल्या परीक्षानळ्या मोजून घ्यायची. शिवाय तेव्हा दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. थोरला भाऊ दत्ताराम आंघोळीला गेला होता आणि धाकटा लवू खांद्यावर टॉवेल टाकून बाथरूमच्या दाराशी उभा होता.

"ताई, दादाला सांग, साबण लावताना नळ बंद कर म्हणावं."

आतून आवाज आला, "सुची, त्याला सांग, पाण्याचं अर्धं बिल मी भरतो."

"मग अर्धंच पाणी वापर म्हणावं."

सुचेताने कोणालाच काही सांगितलं नाही, कारण दोघांनाही सगळं ऐकू येत होतं. दोघांनी चार वर्षांपूर्वी एकमेकांशी बोलणं टाकलं होतं, आणि तेव्हापासून घरी कोणी पाहुणा आला की त्याच्या मार्फत बोलायचे. पाहुणे हळूहळू यायचे बंद झाले होते.

घर होतं त्यांच्या वडिलांचं. हॉल, किचन, एक बेडरूम आणि पुढे गॅलरी. वडील मृत्युपत्र न करता गेले, वर्षश्राद्ध झालं, आणि लवूने ठाण्याच्या दिवाणी कोर्टात वाटणीचा दावा लावला. दावा लागल्याच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही भावांनी मोजपट्टी आणली आणि घराचे दोन भाग केले. बेडरूम दत्तारामची, हॉल लवूचा. पण हॉल मोठा, म्हणून त्यातली दोन फुटांची पट्टी दत्तारामला. किचन अर्धं अर्धं, गॅलरी अर्धी अर्धी. हद्द दिसावी म्हणून फरशीवर इलेक्ट्रिशियनची काळी टेप चिकटवली. हिशेब असा चोख जमला की दोघांच्या वाट्याला एकशे साडेपंचाहत्तर चौरस फूट आले, ना पाव कमी ना पाव जास्त. त्या दिवशी दोघं एकमेकांशी शेवटचं बोलले. दत्ताराम म्हणाला, "टोक नीट धर." लवू म्हणाला, "धरलंय."

त्या मोजणीत सुचेता कुठेच नव्हती. कोर्टातही नव्हती. दोघा भावांच्या वकिलांनी एकमेकांच्या प्रत्येक वाक्याला हरकत घेतली होती. वडिलांच्या मृत्यूच्या तारखेलासुद्धा एकदा घेतली होती. पण दाव्याच्या पहिल्या पानावर 'मयतास वारस दोनच' असं जे लिहिलं होतं, त्याला चार वर्षांत कोणी हरकत घेतली नाही. अख्ख्या खटल्यात दोघांचं एकमत होतं ते तेवढ्याच बाबतीत.

मग कोर्टात नवीन न्यायाधीशबाई आल्या. त्यांनी फाइल पहिल्यापासून वाचली. असं करणाऱ्या त्या पहिल्याच. वाचता वाचता त्या थांबल्या.

"इथे लिहिलंय, वडिलांच्या हॉस्पिटलचा खर्च तिघांनी सारखा केला. तिसरं कोण?"

लवूने दत्तारामकडे पाहिलं. दत्ताराम वर पंख्याकडे पाहत होता.

"बहीण आहे, मॅडम," लवू म्हणाला.

"मग वारस दोनच कसे?"

"ती बाहेर राहते, मॅडम."

"बाहेर राहते म्हणजे नसते का?" बाईंनी विचारलं, आणि बहिणीला नोटीस काढली.

त्या दिवशी सुचेताचा तिसरा हिस्सा जन्माला आला. म्हणजे तो आधीपासून होताच; दिसला त्या दिवशी. आणि दिसल्याबरोबर दोन्ही वकिलांनी आपापल्या अशिलाला एकच गणित सांगितलं. तुझा एक तृतीयांश, त्याचा एक तृतीयांश, आणि मध्ये बहीण. आपल्याकडे बहिणी भावाच्या नावे हक्कसोड लिहून देतातच. बदल्यात त्यांना माहेर राहतं, वर्षाची एक साडी राहते. ज्याच्या नावे ती सही करील त्याचे दोन तृतीयांश, आणि दुसऱ्याने पैसे घेऊन बाहेर पडायचं.

म्हणून त्या भाऊबीजेला सुचेताच्या मांडीवर एकीऐवजी दोन साड्या होत्या. एक दत्तारामची, सिल्कची. दुसरी लवूची, तीही सिल्कची, आणि वर एक पाच लिटरचा प्रेशर कुकर, कारण लवू भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात सुपरवायझर होता.

"एकट्या माणसाला पाच लिटर?" दत्तारामची बायको शुभदा टेपच्या अलीकडून म्हणाली.

"देणाऱ्याचं मन मोठं असलं की कुकर लहान मिळत नाही," लवूची बायको हेमलता पलीकडून म्हणाली.

आता सुचेताचं सांगायला हवं. ती सत्तेचाळीस वर्षांची होती, लग्न केलं नव्हतं. चौदा वर्षांपूर्वी लवूचं लग्न ठरलं तेव्हा घरात जागा कोणी करायची असा प्रश्न आला, आणि तो कोणी विचारायच्या आत ती म्हणाली होती, मी बघते माझं. तेव्हापासून ती भाड्याच्या खोल्यांत राहत होती. अकरा महिन्यांचा करार, मग दुसरी खोली, दुसरा मालक, दुसरा जिना. ही तिची तेरावी खोली होती. तिने कपाट कधी घेतलं नाही, कारण ते अकरा महिन्यांनी उतरवावं लागलं असतं. झाड लावलं नाही. भिंतीला खिळा ठोकायची कोणत्याच करारात परवानगी नव्हती. बँकेत कर्जाला गेली तर तिथल्या माणसाने तिच्या पगाराची स्लिप पाहिली आणि तिला चहा पाजला. तिला सिल्कच्या साड्या नको होत्या. जिथून 'पुढच्या महिन्यात खाली करा' असं कोणी म्हणणार नाही अशी एक जागा हवी होती, एवढंच. पण हे ती कोणाला म्हणाली नव्हती, कारण कोणी विचारलं नव्हतं.

डिसेंबरात पापलेटं सुरू झाली. एका रविवारी लवू स्कूटरवरून उत्तनला गेला आणि तिच्यासाठी चार पापलेटं घेऊन आला. पुढच्या रविवारी दत्ताराम त्याच्या आधी तासभर निघाला आणि सहा आणली. सुचेताकडे फ्रीज नव्हता, म्हणून ती पापलेटं परत त्यांच्याच दोन फ्रीजमध्ये गेली, आणि आठवडाभर दोन्ही घरांनी ती ताईच्या नावाने खाल्ली.

जानेवारीत सुचेताच्या मालकाने सांगितलं की मुलाचं लग्न आहे, खोली लागेल. ती हे शुभदाला फोनवर सहज म्हणाली. फोन ठेवून तासही झाला नसेल, खाली एक टेम्पो येऊन थांबला. त्यातून दत्ताराम उतरला. त्याच्या मागे दुसरा टेम्पो येऊन थांबला. त्यातून लवू उतरला.

"सुची, तू माझ्याकडे यायचंस," दत्ताराम म्हणाला. "आपलं घर असताना बहीण बाहेर? लोक काय म्हणतील?"

"ताई, दादाला सांग, लोक चौदा वर्षं काय म्हणत होते ते विचार म्हणावं. तू माझ्याकडे येतेयस."

"पत्ता तर एकच आहे," सुचेता म्हणाली.

टेम्पोवाल्याने सामान पाहिलं आणि म्हणाला, "ये तो आधी गाडी भी नहीं है, साब." तरी ते दोन टेम्पोंतून गेलं. एकात ट्रंक आणि पुस्तकं, दुसऱ्यात खाट आणि कुकर.

दत्तारामने बेडरूममधला खिडकीजवळचा कोपरा तिला दिला. सहा बाय तीन, खाटेपुरता. टेप नवीन आणून त्याने स्वतः लावली. लवूने ते दारातून पाहिलं. संध्याकाळी त्याने गॅलरीतला आपला अर्धा भाग रिकामा केला, पिंप आत घेतलं, आणि तिथे एक खुर्ची ठेवली.

"ताई, संध्याकाळी हवेला बसायला. तुझीच समज."

रात्री जेवताना शुभदाने नवऱ्याला हळू आवाजात सांगितलं की खुर्ची लवूची तर मनही लवूकडे. सकाळी गॅलरीतला दत्तारामचा भागही रिकामा झाला. कढीपत्त्याच्या दोन्ही कुंड्या आता सुचेताच्या ताब्यात आल्या. ती दोन्हींना पाणी घालू लागली.

मग लवूची पंचाईत झाली. बेडरूम होती दत्तारामची. तिथे लवू काय देणार? तिसऱ्या दिवशी तो वकिलाकडे जाऊन आला आणि हॉलच्या मधोमध उभा राहून छताला उद्देशून म्हणाला:

"दादाच्या कपाटामुळे ताईला कूस बदलता येत नाही. ते कपाट माझ्या हॉलमध्ये ठेवायला माझी हरकत नाही. ताईसाठी. माझ्या हक्काला बाधा न येता."

कपाट हॉलमध्ये आलं. दत्तारामला हे झेपेना. बहिणीसाठी जागा केली लवूने, आणि ती केली दत्तारामच्याच बेडरूममध्ये, दत्तारामच्याच कपाटाच्या जोरावर. त्याने विमा कंपनीत तीस वर्षं हेडक्लार्कचं काम केलं होतं. दुसऱ्याच्या नावावर जमा झालेली गोष्ट त्याला बघवत नसे. दुसऱ्या दिवशी त्याने मुलाची, निहारची, कॉट बाहेर काढली. लवूने कॉटसाठी भिंत दिली. दत्तारामने टेबल काढलं. लवूने टेबलासाठी टीव्हीचा स्टँड सरकवला. होळीच्या आधी डबल बेडही बाहेर आला, आणि त्यासाठी लवूने सोफा विकला.

दर वेळी काळी टेप उचलून नवीन लावली जायची. जुन्या टेपचा चिकटपणा फरशीवर राहायचा आणि त्यावर धूळ बसायची, त्यामुळे हॉलची फरशी आता नकाशासारखी दिसत होती, ज्यात सगळ्या जुन्या सरहद्दी शाबूत आहेत.

सुचेताला हे बघताना आधी हसू यायचं, मग अवघडल्यासारखं व्हायला लागलं, आणि मग कुतूहल वाटू लागलं. ती विज्ञानाची बाई होती. एका दुपारी पॅसेजमध्ये उभी राहून ती, कोणालाच उद्देशून नव्हे, म्हणाली, "संध्याकाळचं ऊन फार येतं खिडकीतून." रात्रीपर्यंत खिडकीला दोन पडदे लागले. एकावर एक, दोन दांड्यांवर. खोलीत इतका अंधार झाला की तिला दिवसा दिवा लावून वह्या तपासाव्या लागल्या. त्यानंतर तिने घरात मोठ्याने काही म्हणायचं बंद केलं.

आता हॉलमध्ये टेपच्या एका बाजूला दत्ताराम, शुभदा आणि निहार झोपायचे; दुसऱ्या बाजूला लवू, हेमलता आणि त्यांची मुलगी इशिता. दत्तारामचं डोकं लवूच्या पायांपासून हातभर अंतरावर. दुसरा टीव्ही बंद झाला. समेट म्हणून नव्हे. तो ठेवायला जागा उरली नव्हती. शुभदा आणि हेमलता एकाच टीव्हीवर एकच मालिका बघू लागल्या, आणि रोज बघायचं म्हटल्यावर कालच्या भागात काय झालं ते विचारणं आलं. एका रात्री दोघी हसल्याचा आवाज बेडरूममध्ये ऐकू आला.

"वन्सं काय करतायत आत?" हेमलताने विचारलं.

"हात पसरून झोपल्या असतील," शुभदा म्हणाली. "मी त्या खोलीत वीस वर्षं हात पसरला नाही."

"आमच्या ह्यांचं म्हणणं, जेवढी जास्त जागा ताईकडे, तेवढी बरी. शेवटी ती येणार कुठे?"

"अगं, आमचे पण तेच म्हणतात."

दोघी क्षणभर एकमेकींकडे बघत राहिल्या. मग मालिका सुरू झाली.

हे 'शेवटी येणार कुठे' म्हणजे दोन कागद होते. हक्कसोडीचे, स्टॅम्पपेपरवर टाइप केलेले, शब्दाला शब्द सारखे, फक्त एकात दत्तारामचं नाव आणि दुसऱ्यात लवूचं. दोन्ही सुचेताच्या ट्रंकेत होते, आणि दोन्हींवर खाली जागा कोरी होती.

सुचेताने त्यांना अंधारात ठेवलं असं कोणी म्हणू नये. तिने दत्तारामला गॅलरीत बोलावून सांगितलं होतं, "दादा, मी सही करणार नाहीये."

"आत्ता नकोच करूस," दत्ताराम म्हणाला. "तारखेच्या आधी चार दिवस कर. तोवर त्याला कळता कामा नये."

"कधीच करणार नाहीये."

"शाबास," दत्ताराम म्हणाला. "त्याने विचारलं तर असंच सांग."

लवूला तिने जिन्यात गाठून सांगितलं. लवूने दोन्ही हात जोडले. "ताई, तुझ्यासारखी अ‍ॅक्टिंग कोणाला येणार नाही. दादासमोर पण असाच सीरियस चेहरा ठेव."

मार्चच्या तारखेला तिघंही ठाण्याला गेले. तीन रिक्षांतून स्टेशनवर, आणि परत येतानाही तसंच. न्यायाधीशबाईंनी फाइल बाजूला ठेवली.

"हे बघा," त्या म्हणाल्या, "फ्लॅट काही कलिंगड नाही कापायला. मी कोर्ट कमिशनर पाठवते. तुम्ही तिघं आज कुठल्या कुठल्या भागात राहताय ते कमिशनर मोजतील. तो ताबा तिघांना मान्य असेल तर तसंच वाटून देते, उरलेल्या फरकाचं तुम्ही तुमचं बघा. मान्य नसेल तर लिलाव. पैसे तीन ठिकाणी."

लिलाव म्हटल्यावर सुचेताने मनात हिशेब केला. लिलावातून जे येईल त्यात मिरा रोडला एक मोरीसुद्धा आली नसती. मग चौदावी खोली, पंधरावी खोली, आणि साठाव्या वर्षी जिन्यावरून ट्रंक. घरी येताना तिने पहिल्यांदाच स्वतःशी स्पष्ट म्हटलं: मला ही खोली हवी आहे. म्हटल्यावर तिला लाज वाटली, आणि रिक्षा हाटकेशच्या वळणावर येईपर्यंत ती लाज गेली.

एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी कोर्ट कमिशनर आल्या. अ‍ॅडव्होकेट ट्रिशा बोर्जिस, उत्तनच्या, वय फार तर सव्वीस. स्कूटीवरून आली होती. हातात हेल्मेट, खांद्याला बॅग, बॅगेत स्टीलची मोजपट्टी. तिने बेल वाजवली. दोन बटणं पाहून आधी विचारात पडली, मग दोन्ही एकदम दाबली.

चहा दोन शेगड्यांवरून दोन आले.

"मी एकच घेते हां," ट्रिशा म्हणाली.

"कुणाचा?" शुभदा आणि हेमलता एकदमच म्हणाल्या.

ट्रिशा उत्तनची होती. तिच्या घरीही तीन काका आणि एक नारळाची वाडी होती. तिने दोन्ही कप घेतले, आणि दोन्ही संपवले.

मोजणी सुरू झाली. पट्टीचं एक टोक ट्रिशाकडे. दुसरं धरायला दत्ताराम आणि लवू दोघंही वाकले. ट्रिशाने ते सुचेताच्या हातात दिलं. किचन सरळ झालं, टेपवरून अर्धं अर्धं. हॉलला वेळ लागला, कारण डबल बेडचा एक पाय लवूच्या हद्दीत गेला होता आणि लवूने तो 'हक्काला बाधा न येता' दाखवून दिला. मग सगळे बेडरूमच्या दारात आले. आत एक खाट, एक ट्रंक, पुस्तकं, दोन पडदे, आणि रिकामी फरशी.

"ही खोली कोणाच्या ताब्यात आहे?" ट्रिशाने विचारलं.

दत्ताराम घसा साफ करत होता, तेवढ्यात लवू पुढे झाला. बेडरूम त्याची कधीच नव्हती, त्यामुळे द्यायला त्याला काही जड जात नव्हतं.

"ताईची, मॅडम. पूर्ण खोली."

दत्तारामने बहिणीकडे पाहिलं. ती पट्टीचं टोक धरून उभी होती. हिच्यासमोर 'नाही, माझी' म्हणायचं म्हणजे झालेलं सगळं पाण्यात.

"अर्थात सुचीची," तो म्हणाला. "त्यात विचारायचं काय? लिहा. मी स्वतः दिली."

"दिली म्हणजे तात्पुरती राहायला?" ट्रिशाने पेन थांबवून विचारलं. "नीट सांगा, काका. कोर्टात फरक पडतो."

"मॅडम, ताईला आम्ही तात्पुरती म्हणू?" लवू म्हणाला. "बहीण आहे. भाडेकरू नाही."

"तात्पुरती हा शब्द मी उच्चारलेला नाही," दत्ताराम म्हणाला. "कायमची लिहा. तिच्या हक्काने."

"गॅलरी पण," लवू म्हणाला.

"गॅलरी तर आहेच. आणि दाराच्या मागची जागा धरली का? ती सुटते बऱ्याचदा."

"खिडकीचा कट्टा पण धरा, मॅडम."

"कट्टा मोजत नाही," ट्रिशा म्हणाली.

दोघं भाऊ हळहळले. त्यांच्या हिशेबाने त्या खोलीतला प्रत्येक इंच महिनाभरात आपल्याकडेच यायचा होता. तो कमी का मोजू द्यावा? पट्टी भिंतीला लावताना दोघं चक्क गुडघ्यांवर बसून तिचा आकडा वाचत होते, आणि अर्धा इंच वर दिसला की दोघांचेही चेहरे उजळत होते.

मग ट्रिशा सुचेताकडे वळली. "तुम्हाला काही सांगायचंय?"

सुचेताने पट्टीचं टोक सोडलं. पट्टी सर्रकन डबीत गेली. ती आत जाऊन ट्रंक उघडून दोन्ही कागद घेऊन आली.

"हे हक्कसोडीचे कागद आहेत," ती म्हणाली. "एक दादाने दिलाय, एक लवूने. मी कोणाच्याच नावावर सही करणार नाहीये. आज नाही, नंतर नाही. मला या खोलीत राहायचंय. हे दोघांनीही ऐकून मगच तुमच्या कागदावर सही करावी, म्हणजे नंतर मी फसवलं असं व्हायला नको."

निहारने टीव्हीचा आवाज बंद केला. खोली गेली, असं सुचेताला वाटलं.

लवूने दत्तारामचा चेहरा पाहिला. तो पडल्यासारखा दिसत होता. म्हणजे दादाला खरं वाटलंय, लवू मनात म्हणाला. कमाल आहे ताईची. त्याने तोंडावर रुमाल धरला.

दत्तारामने लवूच्या तोंडावरचा रुमाल पाहिला. रडकुंडीला आलाय, तो मनात म्हणाला. सांगितलं होतं मी तिला, असंच सांग म्हणून. आणि त्याने आणखी गंभीर चेहरा केला.

"तुम्ही ऐकलंत ना दोघांनी?" ट्रिशाने विचारलं.

"ऐकलं," दत्ताराम म्हणाला.

"अक्षर न् अक्षर," लवू म्हणाला.

"तरी मान्य?"

"मान्य."

"मान्य."

ट्रिशाने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, मग सुचेताकडे. "माझ्या काकांना पण एकदा इकडे घेऊन येते," ती पुटपुटली, आणि तिने लिहिलं: 'प्रस्तुत ताबा तिन्ही पक्षांनी पाहिला, समजून घेतला व तो त्यांना कायमस्वरूपी मान्य आहे.' दत्तारामने सही केली. लवूने त्याच पेनाने त्याच्या खाली केली. पेन देताना दोघांची बोटं एकमेकांना लागली.

"टोपण लाव," दत्ताराम सवयीने म्हणाला.

"लावतो," लवू म्हणाला.

हेमलताने शुभदाला कोपराने ढोसलं.

तिसरी सही सुचेताची होती. तिने ती वह्यांवर करते तशी, पूर्ण नावाने केली. मग दोन्ही भाऊ वेगवेगळे, एक गॅलरीच्या बाजूने आणि एक पॅसेजमधून, तिला डोळा मारून गेले.

त्यानंतर दोघं वाट बघत राहिले. मे गेला. सुट्टीत सुचेताने खोलीला रंग दिला, एक पडदा काढला आणि रिकाम्या भिंतीला लोखंडी कपाट आणून लावलं. कपाट वर चढवायला निहार आणि इशिता दोघांनी हात लावला. कपाट बघून दत्ताराम पहिल्यांदा थोडा अस्वस्थ झाला. "एवढं जड कशाला?" त्याने विचारलं. "राहायला आलेय म्हणून," सुचेता म्हणाली. तो हसला, पण नेहमीपेक्षा थोडं उशिरा.

जूनमध्ये, शाळा सुरू झाली त्याच आठवड्यात, ठाण्याला तारीख होती. दोन्ही वकिलांनी कमिशनरचा अहवाल कोर्टाबाहेरच्या बाकावर पहिल्यांदा वाचला. दत्तारामच्या वकिलाने चष्मा काढला. लवूच्या वकिलाने लवूला नुसतं विचारलं, "ही सही तुमचीच?"

"हो. पण ताई माझ्या नावे..." लवूने वाक्य अर्धवट सोडलं आणि शेजारच्या बाकावर पाहिलं. दत्तारामही वकिलाला नेमकं तेच सांगत होता, आणि तोही नेमक्या त्याच शब्दावर थांबला होता. दोघांची नजर एकमेकांवर स्थिरावली. मग दोघांनी एकदम सुचेताकडे पाहिलं. ती दारापाशी उभी राहून शाळेतून आणलेल्या वह्या तपासत होती.

"सुची," दत्ताराम म्हणाला, "तू ते खरंच म्हणाली होतीस?"

"दोघांना दोन-दोनदा सांगितलं, दादा."

"मला वाटलं, तू त्याला सांगतेयस."

"मला वाटलं, त्याला," लवू म्हणाला. हे तो दत्तारामला म्हणाला, सरळ, मध्ये कोणी पाहुणा न घेता.

आतून पुकारा झाला. न्यायाधीशबाईंनी अहवाल शेवटपर्यंत वाचला, तिन्ही सह्या पाहिल्या, अशिलांना एकेक करून विचारलं की सही आपलीच का, आणि तिघांचं 'हो' लिहून घेतलं. मग त्यांनी लेखनिकाला हुकूम सांगायला सुरुवात केली.

संडास, बाथरूम व पॅसेज, सामाईक: चौतीस चौरस फूट. वादी लवू साटम: एकशे दोन. प्रतिवादी क्रमांक एक, दत्ताराम साटम: एकशे चार. प्रतिवादी क्रमांक दोन, सुचेता साटम: एकशे पंचेचाळीस.